गर्दी, मासे आणि एक डबा: 'पॅक्ड लाइक सार्डिन्स' कधी म्हणायचं, कधी नाही

हा भाग मी घरीच रेकॉर्ड केलाय आणि मधे एकदा कुकरची शिट्टी ऐकू येईल, तेवढी सांभाळून घ्या. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिहिलेला मजकूर. बोलताना जिथे अडखळलो ते काढलंय, बाकी तसंच आहे.

झालं असं, की एका श्रोत्याचा मेसेज आला. तो इंटरव्ह्यूला अर्धा तास उशिरा पोचला आणि आत गेल्या गेल्या म्हणाला, "सॉरी सर, आय वॉज पॅक्ड लाइक सार्डिन." समोरचे दोघं हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. त्याने मला विचारलं, दादा, काय चुकलं?

चूक तशी बारीक होती, दोन मिनिटांत सांगून मोकळा झालो असतो. पण मेसेज वाचून मला माझीच एक गोष्ट आठवली. याच वाक्प्रचारावर मी एकदा असा तोंडावर आपटलोय, की आजही तो दिवस आठवला की कानशिलं गरम होतात. ती सांगणार आहेच. आधी मासा.

सार्डिन हा एकच एक मासा नाही. हेरिंगच्या घराण्यातल्या लहान, चंदेरी, तेलकट माशांना मिळून हे नाव आहे. आपल्याकडे कोकण किनाऱ्यावर तारली मिळते ना, ती याच घराण्यातली. पेडवेही त्यातलेच. म्हणजे आपल्यातल्या कितीतरी जणांनी सार्डिन लहानपणापासून खाल्लाय, फक्त त्याचं इंग्रजी नाव माहीत नव्हतं. उच्चार मात्र नीट करा. 'सार्डाइन' नाही, 'सारडीन', आणि जोर शेवटच्या 'डीन'वर. आमच्या कॉलेजात एक जण चार वर्षं सार्डाइन म्हणत होता आणि आम्ही सगळेच त्याच्यामागे म्हणत होतो.

आता गंमत बघा. तारली आपल्याकडे एवढी मुबलक, पण तारलीवरून गर्दीचा वाक्प्रचार मराठीत काही तयार झाला नाही. कारण आपण ती बघतो कशी? बाजारात, पाटीत, ढिगाने. मावशी वाटा करून देते. ढिगातले मासे घसरतात, सांडतात, कुणी इकडे तोंड करून, कुणी तिकडे. ते बघून 'कोंबलंय' असं कुणाच्या मनात येत नाही. इंग्रजीतली उपमा माशावरून आलेलीच नाही. ती आलीय डब्यावरून.

आणि डबा ही तशी नवी गोष्ट आहे. अन्न बंद भांड्यात उकळून टिकवायची पद्धत फ्रान्सच्या निकोला आपेर या माणसाने शोधली आणि 1810 साली त्याला तिथल्या सरकारकडून 12,000 फ्रँकचं बक्षीस मिळालं. तो काचेच्या बाटल्या वापरायचा. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडने धातूच्या डब्याचं पेटंट घेतलं. मग 1820च्या दशकात फ्रान्समधल्या नांत शहरात जोसेफ कोलँ नावाच्या मिठाईवाल्याने सार्डिन डब्यात भरून विकायला सुरुवात केली. हा स्वस्त, टिकाऊ आणि खिशात मावणारा माल बघता बघता युरोपभर पसरला, आणि पुढे 19व्या शतकातच माणसांच्या दाटीला सार्डिनच्या डब्याची उपमा इंग्रजीत रुळली. बरोबरच आहे. डबा घराघरात पोचल्याशिवाय उपमा कळणार कुणाला?

मी हा वाक्प्रचार शाळेत शिकलो आणि डबा प्रत्यक्ष बघितला नोकरी लागल्यावर, एका मोठ्या दुकानाच्या शेल्फवर. म्हटलं, इतकी वर्षं जे बोलतोय ते एकदा बघू तरी. घरी आणून कडी ओढली. चपटा डबा, आत बोटाएवढे मासे, डोकी कापलेली, सगळे एका रांगेत, एकाला एक चिकटून. मधल्या फटीत तेल. एक मासा काढायचा म्हटलं तर शेजारचा मोडतो. त्या क्षणी मला उपमा खरी कळली. 'खूप माणसं' एवढाच तिचा अर्थ नाही. शेजारच्याला धक्का न लावता तुम्ही हलूच शकत नाही, असा आहे.

अजून एक गोष्ट तेव्हा जाणवली. डब्यातले मासे शिस्तीत असतात. कुणीतरी ते हाताने एकेक करून लावलेले असतात. फ्रान्समध्ये ब्रिटनीच्या किनाऱ्यावर दुआर्नने नावाचं गाव आहे, तिथल्या कारखान्यांत हे काम बायका करायच्या, आणि 1924च्या हिवाळ्यात त्यांनी मजुरीसाठी केलेला संप तिकडे आजही आठवला जातो. हे विषयाला थोडं सोडून झालं, पण मला सांगायचंच होतं. आपण 'सार्डिनसारखे' म्हणतो तेव्हा त्या रांगा कुणीतरी बोटांनी लावल्यात हे डोक्यातही येत नाही.

आता व्याकरण, म्हणजे त्या श्रोत्याची चूक. पहिलं, सार्डिन्स नेहमी अनेकवचनात. एकटा सार्डिन कुणाला चिकटणार? दुसरं, कर्ता. 'आय वॉज पॅक्ड लाइक सार्डिन' म्हणजे मी एकटाच डब्यात भरलेला. 'वी वर पॅक्ड लाइक सार्डिन्स' म्हणा, म्हणजे आम्ही सगळे. 'द ट्रेन वॉज पॅक्ड' हेही बरोबर, तिथे वाक्य थांबवा. 'द ट्रेन वॉज पॅक्ड लाइक सार्डिन्स' असं पुष्कळ जण बोलतात, इंग्रज लोकही बोलतात, पण काटेकोर बघितलं तर मासे म्हणजे माणसं, ट्रेन म्हणजे डबा. डबा माशांसारखा भरत नाही. बोलण्यात चालतं, लिहिताना टाळा. पॅक्डच्या जागी क्रॅम्ड, स्क्वॅश्ड, स्क्वीझ्ड काहीही येऊ शकतं. शेपूट जोडायची असेल तर ब्रिटिश लोक 'इन अ टिन' म्हणतात, अमेरिकन 'इन अ कॅन'. बहुतेक वेळा शेपूट लागतच नाही, डबा सगळ्यांना माहीत आहे.

हा बोलीचा वाक्प्रचार आहे हेही लक्षात ठेवा. मित्राला मेसेज, टीमच्या चॅटवर गप्पा, आयेल्ट्सच्या बोलण्याच्या परीक्षेत एखादं वाक्य, सगळीकडे मस्त बसतो. आयेल्ट्सच्या निबंधात नको. तिथे 'ओव्हरक्राउडेड' हा साधा शब्द पुरतो. क्लायंटला पाठवायच्या रिपोर्टमध्येही नको.

याचे भाऊबंद पण बरेच आहेत. 'जॅम-पॅक्ड' आपण सर्रास म्हणतो. त्यातला जॅम पावाला लावायचा नाही बरं का, दाबून बसवणे या अर्थाचं ते क्रियापद आहे. ट्रॅफिक जॅममधला जॅमही तोच. 'चॉक-अ-ब्लॉक' जहाजावरून आलंय. दोरीच्या दोन कप्प्या ओढून ओढून एकमेकींना टेकल्या, की दोरी पुढे सरकत नाही, ती अवस्था. 'नो रूम टु स्विंग अ कॅट' गर्दीसाठी वापरू नका, ते जागा लहान असल्याबद्दल आहे. पुण्यातल्या माझ्या पहिल्या पीजीच्या खोलीला ते तंतोतंत लागू होतं, खोलीत मी एकटाच असायचो तरी. ब्रिटिश सहकारी शुक्रवारी रात्री पब 'रॅम्ड' होता म्हणाला, तर अर्थ तोच, खच्चून भरलेला.

सार्डिनवर मुलांचा एक खेळही आहे. आपली लपाछपी उलटी करायची. एक जण लपतो, बाकी सगळे शोधतात. ज्याला तो सापडेल त्याने ओरडायचं नाही, गुपचूप त्याच्याच शेजारी लपायचं. असं करत करत एका कपाटात सात-आठ जण दाबून बसतात आणि शेवटचा भिडू घरभर एकटा फिरत राहतो. खेळाचं नाव सार्डिन्स. ऑफिसच्या आउटिंगला खेळून बघा, एचआरला विचारून.

माशांची ही उपमा एकट्या इंग्रजीची नाही. फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज, जर्मन, सगळ्यांकडे सार्डिन आहेत. डच आणि रशियन लोकांकडे डब्याऐवजी पिंप आहे आणि सार्डिनऐवजी हेरिंग, कारण तिकडे हेरिंग खारवून पिंपात भरायचे. जपानी लोक 'सुशीझुमे' म्हणतात, डब्यात सुशी लावून ठेवतात तसं. जो तो आपापल्या डब्यातलं काढतो.

इटलीत तर 2019 साली या उपमेचं राजकारण झालं, चांगल्या अर्थाने. बोलोन्या शहरात मातेओ साल्विनी या नेत्याची प्रचारसभा एका स्टेडियममध्ये होती. चार तरुणांनी ठरवलं, की स्टेडियममध्ये मावतील त्यापेक्षा जास्त माणसं आपण चौकात उभी करायची. आकडा ठरला सहा हजार. तेवढ्या लोकांनी त्या चौकात मावायचं तर सार्डिनसारखंच उभं राहायला हवं, म्हणून नाव पडलं 'सार्डिने'. 14 नोव्हेंबरला त्याहून बरीच जास्त माणसं आली, हातात पुठ्ठ्याचे कापलेले मासे घेऊन. गर्दीत कोंबलं जाणं ही तक्रार असते, इथे तोच अभिमान झाला.

मग मराठीत काय आहे? मुंगी शिरायला जागा नाही. पाय ठेवायला जागा नाही. खचाखच, तुडुंब, गच्च. नाट्यगृहाबाहेर हाऊसफुल्ल. मला यात एक फरक दिसतो. आपल्याकडे बहुतेक वेळा उरलेली जागा मोजतात: मुंगीएवढीही नाही, पायाएवढीही नाही. सार्डिनवाला वाक्प्रचार आत असलेल्यांकडे बघतो, ते कसे दिसताहेत याकडे. 'मेंढरांसारखं कोंबलं' हे त्याच्या जवळचं, पण त्यात कोंबणाऱ्यावरचा राग आहे. सार्डिनमध्ये राग नाही, थोडं हसू आहे. हे हसू विसरू नका, त्याचंच पुढे काम आहे.

म्हणून शब्दाला शब्द लावून भाषांतर करू नका. मँचेस्टरच्या एका टेस्टरला मी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, आमच्या ट्रेनमध्ये मुंगीलाही जागा नव्हती. तो काळजीने म्हणाला, तुमच्याकडे ट्रेनमध्ये मुंग्या होतात का?

यापेक्षा मोठं लफडंही झालेलं आहे, तेही एका इंग्रजीच्या बादशहाचं. सप्टेंबर 2009. शशी थरूर तेव्हा परराष्ट्र राज्यमंत्री होते आणि सरकारने काटकसर म्हणून मंत्र्यांना विमानाच्या इकॉनॉमी वर्गाने फिरायला सांगितलं होतं. ट्विटरवर एकाने विचारलं, मग तुम्ही 'कॅटल क्लास'ने जाणार का? थरूरांनी होकार दिला आणि पवित्र गायींची जोड देऊन एक कोटीही केली. कॅटल क्लास म्हणजे विमान कंपन्या प्रवाशांना गुरांसारखं कोंबतात, म्हणजे टोमणा कंपन्यांना. पण बातम्यांतून अर्थ पोचला तो असा, की मंत्री सामान्य माणसाला गुरं म्हणाले. पक्षाने नापसंती दाखवली, थरूरांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. चूक इंग्रजीची नव्हती. ज्यांना खरंच रोज कोंबलं जातं, त्यांच्याबद्दल ती गंमत होती.

आता माझी गोष्ट.

नोकरीचं दुसरं वर्ष. मी तेव्हा लोकलने जायचो. सकाळी ज्या गाडीत चढायचो तिच्यात हात वर असेल तर उतरेपर्यंत वरच. मुंबईच्या गर्दीसाठी रेल्वेच्या जगात एक खास शब्द आहे, 'सुपर डेन्स क्रश लोड', म्हणजे उभं राहायच्या एका चौरस मीटरमध्ये 14 ते 16 माणसं. घरात जमिनीवर खडूने मीटरचा चौकोन आखा आणि विचार करा. मी एकदा आखला होता. आम्ही घरातले चौघं उभे राहिलो आणि आईने पाचव्यालाच नको म्हटलं.

त्या दिवशी गाड्या उशिरा होत्या. मी टीमच्या ग्रुपवर टाकलं, "रनिंग लेट, पॅक्ड लाइक सार्डिन्स", पुढे माशाचा इमोजी, पुढे हसून डोळ्यांत पाणी आलेले दोन चेहरे. परदेशातल्या लोकांनी हसण्याचे अंगठे दिले. मला छान वाटलं, इंग्रजी जमतंय आपल्याला.

ऑफिसला पोचलो तर आमच्या टीममधली सीनियर टेस्टर, आम्ही तिला ताईच म्हणायचो, माझ्याशी बोलेना. दुपारी चहाच्या वेळी तिने शांतपणे विचारलं, "गाड्या का उशिरा होत्या ते कळलं का तुला?" मला माहीत नव्हतं. दारात लटकणारा एक मुलगा पडला होता. ती म्हणाली, "माझा भाऊ असाच गेला, सात वर्षं झाली. तू मुद्दाम नाही केलंस, कळतंय मला. पण मासे नको म्हणूस रे."

मी मेसेज डिलीट केला. बऱ्याच जणांनी तो आधीच वाचला होता. ताईला सॉरी म्हणालो तर ती म्हणाली, "चहा घे, गार होतोय."

तेव्हापासून मी या शब्दांकडे जरा बारकाईने बघायला लागलो, आणि एक गोष्ट अशी कळली की ती तुम्हाला इंग्रजीच्या क्लासमध्ये कुणी सांगणार नाही. गर्दीने अंग अवघडलं, घाम आला, बॅगेचा पट्टा तुटला, इथपर्यंत सार्डिन्स चालतात. कुणाला इजा झाली की हा शब्द बंद. तिथे इंग्रजीत 'क्रश' म्हणतात. आपली भारतीय इंग्रजी वर्तमानपत्रं अशा वेळी बहुतेक 'स्टॅम्पीड' लिहितात. स्टॅम्पीड म्हणजे मुळात बिथरलेल्या जनावरांच्या कळपाची धाव. म्हणजे नकळत आपण म्हणतो की लोक घाबरून पळाले आणि त्यांनीच एकमेकांना तुडवलं. प्रत्यक्षात पळायला जागाच नसते. गर्दीचा अभ्यास करणारे जॉन फ्रुइन यांनी मांडलंय, की चौरस मीटरला साधारण सात माणसं झाली की मोकळ्या जागेतली गर्दी पाण्यासारखी वागायला लागते. मागून आलेला दाब लाटेसारखा पुढे जातो आणि त्यात माणसाची इच्छा उरत नाही. लोक जातात ते बहुतेक श्वास कोंडून, उभ्या उभ्या.

इंग्लंडमध्ये हा शब्दाचा प्रश्न फार महाग पडला. 15 एप्रिल 1989ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानात फुटबॉलच्या सामन्याला जाळीच्या कप्प्यांत लिव्हरपूलचे प्रेक्षक चिरडले गेले. एकूण 97 जण गेले. पोलिसांनी आणि काही वर्तमानपत्रांनी दोष प्रेक्षकांच्या वागण्यावर टाकला. घरच्यांनी लढा सोडला नाही, आणि 2016 साली ज्युरीने सांगितलं की प्रेक्षकांची चूक नव्हती, मृत्यू बेकायदेशीर होते. सत्तावीस वर्षं लागली.

आणि मराठीत बघा, आपला शब्द आहे 'चेंगराचेंगरी'. चेंगरणं म्हणजे दाबलं जाणं. त्यात पळापळ नाही, कळप नाही, कुणाचा बिथरलेपणा नाही. या बाबतीत आपला शब्द त्या स्टॅम्पीडपेक्षा जास्त खरा आहे, असं माझं मत. एखादी इंग्रजी बातमी मराठीत करताना किंवा मराठी इंग्रजीत करताना हे डोक्यात असू द्या. चेंगराचेंगरीला 'क्रश' लिहा.

तर श्रोते दादा, तुझ्या इंटरव्ह्यूचं म्हणशील तर पुढच्या वेळी सरळ म्हण, "सॉरी, द ट्रेन्स वर डिलेड." उशिराला एवढंच पुरतं. नंतर चहापाण्याच्या गप्पांत कुणी विचारलंच प्रवास कसा झाला, तर म्हण, "वी वर पॅक्ड लाइक सार्डिन्स", अनेकवचनात, शेवटच्या 'डीन'वर जोर देऊन. तेव्हा ते हसले तर तुझ्याबरोबर हसतील.

आणि तुमच्या भागात गर्दीला काय म्हणतात ते व्हॉइस नोटवर पाठवा. नागपूरच्या एका मैत्रिणीने 'गच्चम गच्च' पाठवलंय. मालवणकडून कुणीतरी पेडव्यांवरून काहीतरी पाठवेल याची मी वाट बघतोय. पुढच्या बुधवारी भेटू, तोवर दारात उभे राहू नका.